फारखत

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या घरी एक जुनी पत्र्याची पेटी उघडण्याचा परिपाठ आहे. दुकानदार या दिवशी वह्यांची पूजा करतात. आमच्या घराण्यात दुकान कोणी कधी मांडले नाही, तेव्हा पूजेला वही कोठून असणार? पण चौरंगावर, लक्ष्मीच्या पावलांशी, आम्ही एक पिवळा पडलेला आणि वरून अर्धा फाडलेला कागद ठेवतो आणि त्याला हळदकुंकू वाहतो. तो कागद म्हणजे माझ्या पणजोबांनी सावकाराला लिहून दिलेले कर्जाचे खत.

गेल्या दिवाळीत पुण्याहून नातू आला होता. पूजेची तयारी चाललेली, आणि हा आपला दर दहा मिनिटांनी फोन घेऊन अंगणात जातो. शेवटी त्याच्या आजीने हटकले, तेव्हा उलगडा झाला. मध्ये चार महिने नोकरी नव्हती, तेवढ्यात कर्ज थकले आणि वसुलीवाल्यांचा तगादा मागे लागला. आता त्यांच्यातलाच एकजण म्हणत होता की एकरकमी निम्मे भरा, बाकीचे सोडून देऊ.

"उद्याच भरतो, आजोबा. सुटलो एकदाचा."

मी विचारले, "आणि कागद?"

"कागद कशाला? फोनवर सांगितलंय की त्यांनी."

त्या रात्री फराळाचे ताट बाजूला सारून मी त्याला जे सांगितले, तेच येथे जरा ऐसपैस सांगतो.

देण्यातले काही सोडून देऊन हिशेब मिटवायचा, ही गोष्ट आपल्याकडे आजची नव्हे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात नियम आहे की एकदम घ्यायच्या व्याजाने येणे मुद्दलाच्या दुपटीपलीकडे जाऊ नये. याज्ञवल्क्याने तर वस्तूवार मर्यादा घातल्या आहेत: सोने दुप्पट, धान्य तिप्पट, वस्त्र चौपट. यालाच पुढे व्यवहारात दामदुप्पट म्हणू लागले. कर्ज बुडवू नये हे जसे शास्त्राने सांगितले, तसेच कर्जाने माणूस बुडवू नये हेही सांगितले, एवढे लक्षात ठेवायला हरकत नाही.

पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ साली जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात आपल्याकडच्या तगाद्याचे मोठे चमत्कारिक वर्णन आहे. ऋणको बरोबरीचा किंवा खालचा असला, तर धनको त्याला घराबाहेर पडू देत नसे, जेवू देत नसे, प्रसंगी उन्हात बसवीत असे. तोच ऋणको मोठा सरदार असला, तर धनको बिचारा त्याच्या उंबऱ्यावर आडवा पडे, दारात आरडाओरडा करी, अब्रूची आण घाली. धरणे धरणे हा शब्द आपण आज मोर्चाच्या संदर्भात वापरतो, पण त्याचे एक मूळ ठाणे सावकारीच्या उंबऱ्यावर आहे. प्रकार रानटी खरा. तरीही त्याचा शेवट बहुधा काहीतरी समेट होण्यात होई. दोघेही त्याच गावात राहायचे, एकाच विहिरीचे पाणी प्यायचे. तेव्हा पंच मध्ये पडत, हप्ते ठरत, थोडी सूट मिळे आणि सावकार खतावर "भरून पावलो" असे लिहून ते फाडून देई किंवा वेगळी फारखत लिहून देई. फारखत म्हणजे मोकळे केल्याचा लेख. शब्द फारसीतून आला आणि मराठीत असा रुळला, की आपण नवराबायकोच्या काडीमोडालाही फारकतच म्हणतो.

इंग्रजी अमलात सावकाराला कोर्ट मिळाले. आता उंबऱ्यावर पडून राहण्याची गरज नव्हती. खत दाखवावे, हुकूमनामा घ्यावा, जप्ती आणावी. कोर्ट कागद पाही. त्या कागदामागे काय घडले ते विचारायची त्याला गरज वाटत नसे. त्यातच १८५९ साली मुदतीचा कायदा झाला. साध्या खताची मुदत तीन वर्षे ठरली. हेतू चांगला होता; जुनीपुराणी खते उकरून काढून कुळाला नाडू नये. पण झाले भलतेच! मुदत संपत आली की सावकार म्हणे, "नवे खत लिहून दे." नव्या खतात साचलेले व्याज मुद्दल होऊन बसे आणि त्यावर पुन्हा व्याज चढे. दामदुपटीचा बांधही दर तीन वर्षांनी असा पुढे सरके. शंभराचे दोनशे, दोनशांचे चारशे, आणि प्रत्येक वेळी कुळाचा अंगठा त्यावर असेच.

अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालले. तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि सावकारांनी हात सैल सोडला. युद्ध संपले, भाव कोसळले. त्याच सुमारास, १८६७ पासून, पुणे जिल्ह्यातल्या तालुक्यांत नव्या पाहणीने सारा वाढला. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावी एका सावकाराने दीडशे रुपयांच्या हुकूमनाम्यात एका देशमुखाचे राहते घर घेतले आणि पाडायला काढले. गावाने त्या सावकाराला वाळीत टाकले. आणि १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात ठिणगी पडली. सुप्यात दुकाने लुटली गेली. पण पुढे पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावोगाव लोकांची मागणी एकच होती: खते बाहेर काढा. खते मिळाली की त्यांची होळी होई आणि बहुधा तेवढ्यावर जमाव परते. ज्या कागदात आपण अडकलो आहोत तो कागद नाहीसा झाला पाहिजे, एवढे त्या निरक्षर माणसांना पुरते कळले होते.

सरकारने चौकशीला आयोग नेमला आणि त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा आला. पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांना तो प्रथम लागू झाला. आता न्यायाधीशाला खताच्या मागे जाऊन पहिल्या रुपयापासून हिशेब पाहता येऊ लागला. व्याज आणि मुद्दल वेगळे मांडायचे, हप्ते बांधून द्यायचे, कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात घालायचे नाही. दाव्याआधी तडजोड घडवण्यासाठी गावोगावचे प्रतिष्ठित लोक मध्यस्थ नेमले. या कायद्याखाली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १८८७ साली विशेष न्यायाधीश झाले. मला स्वतःला मात्र त्या कायद्यातले एक साधे कलम सर्वांत मोलाचे वाटते: पैसे भरणाऱ्या शेतकऱ्याने मागितली वा न मागितली, तरी लेखी पावती देणे धनकोला भाग पडले.

आता आमच्या पेटीतल्या कागदाकडे येतो.

पणजोबांनी १९२६ साली विहिरीसाठी तीनशे रुपये काढले. विहिरीला पाणी लागले, पण ते वारले आणि देणे आजोबांच्या अंगावर आले. पाच-सहा वर्षांनी खत पालटायचे, पुन्हा पालटायचे. १९४६ च्या दिवाळीत सावकाराच्या वहीत साडेअकराशे निघत होते. माझी आजी लिहू शकत नव्हती, पण तिने देवळीच्या कडेला चुन्याचे ठिपके दिले होते. दहा रुपये गेले की एक ठिपका. ठिपके एक्केचाळीस होते.

त्या दिवसांत मुंबई सरकारचा कर्जनिवारणाचा १९३९ चा कायदा तालुक्या-तालुक्यांतून लागू होत होता आणि आणखी कडक कायदा येणार अशी बोलवा होती. सावकारालाही ती कुणकुण लागली होती. धनत्रयोदशीला त्याचा निरोप आला: साडेतीनशे रोख आणा, खाते बेबाक करतो. त्याचेही चूक म्हणवत नाही. वहीतल्या साडेअकराशेपेक्षा हातातले साडेतीनशे त्याला खरे वाटले असतील.

आजोबांना मात्र हे रुचेना. "कमी देऊन सुटायचं म्हणजे उरलेलं पुढच्या जन्मी फेडायचं," असे ते म्हणत. आजीने त्यांना हाताला धरून देवळीपाशी नेले. "मोजा," म्हणाली. "तीनशे घेतले, चारशे दहा दिले. अजून साडेतीनशे देतोय. कमी कुठं देतोय आपण?" आजोबांनी ठिपके दोनदा मोजले. मग तालुक्याला जाऊन आजीच्या पाटल्या मोडल्या आणि गुळाच्या पैशांची भर घालून रक्कम उभी केली.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आम्ही सावकाराच्या वाड्यावर गेलो. मी सहा वर्षांचा होतो. आजीचा पदर धरून होतो. सावकाराने रुपये मोजून आत नेले आणि आजोबांना म्हणाला, "खत खालच्या दप्तरात आहे, पाटील. बाजारच्या दिवशी या, देतो." आजोबा भिडेखातर उठले. आजी ओट्यावरच बसून राहिली.

"वैनी, सणासुदीचं असं दारात बसू नये. लक्ष्मी यायची वेळ आहे."

"लक्ष्मी आताच आत गेली, शेटजी. मी कागदासाठी थांबलेय."

तिच्या माहेरची गोष्ट मला पुढे पुष्कळ वर्षांनी कळली. तिच्या वडिलांनी असेच दीडशे रुपयांत देणे मिटवले होते आणि खत "नंतर" घ्यायचे ठेवले होते. सावकार वारला. त्याच्या मुलाला दप्तरात खत सापडले आणि त्याने दावा लावला. कोर्टात साक्षीला कोणी उभे राहिले नाही. चार एकर जमीन गेली.

दिवेलागण झाली. येणारेजाणारे थांबून पाहू लागले. धनकोने ऋणकोच्या दारात धरणे धरल्याचे एल्फिन्स्टनने लिहिले. ऋणकोच्या बायकोने धनकोच्या दारात धरलेले मी पाहिले आहे. अखेर सावकार आत गेला, खत घेऊन आला, पाठीवर "भरून पावलो, बाकी काही नाही" असे लिहून सही केली आणि वरच्या बाजूने ते फाडून आजीच्या हाती ठेवले. तिने ते आजोबांकडून दोनदा वाचून घेतले आणि मगच ती उठली.

पुढच्याच वर्षी, १९४७ चा कायदा झाला. १९३१ च्या आधीच्या कर्जांत हिशेबाने येणाऱ्या रकमेला शेकडा ४० आणि त्यानंतर १९४० च्या आधीपर्यंतच्या कर्जांत शेकडा ३० सूट मिळू लागली. आजोबा बोटांवर गणित करून हळहळले, "वर्षभर थांबलो असतो तर!" आजी भाकरी थापता थापता म्हणाली, "वर्षभर झोप लागली ना शांत? ती कितीला पडली असती?"

नातू हे सारे ऐकून बराच वेळ गप्प होता. मी त्याला सांगितले की आता काळ पुष्कळ सुधारला आहे. वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ साली बजावले. तडजोडीने कर्ज मिटवण्याचे मंजूर धोरण बँकांनी ठेवावे, असे ८ जून २०२३ रोजी सांगितले. तडजोड करणे लाजिरवाणे नाही. मात्र पतीच्या नोंदीत "पूर्ण फेडले" आणि "तडजोडीने मिटवले" यांत फरक राहतो, तो जाणूनच पाऊल टाकावे. आणि रक्कम किती, भरायची तारीख कोणती, त्यानंतर काही येणे राहणार नाही, हे कर्ज देणाऱ्याच्या नावाच्या कागदावर लिहून आल्याशिवाय पैसा हलवू नये.

त्याने दुसऱ्या दिवशी पैसे भरले नाहीत. कागद मागितला. फोनवरचा आवाज चढला, मग नरमला, आणि नऊ दिवसांनी पत्र आले. त्याने ते मला मोठ्याने वाचून दाखवले, दोनदा. मग रक्कम भरली आणि काही येणे नसल्याचा दाखला महिन्याभराने हाती आल्यावर तो घेऊन खास गावी आला.

तो दाखला आजीच्या पेटीतच ठेवला आहे. या लक्ष्मीपूजनाला चौरंगावर दोन कागद मांडायचे आहेत.