हरीचे चार हात आणि फोनचा पिन

भास्कराचार्यांनी ‘लीलावती’ लिहिली इ.स. ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. पुढे त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. तिथला शिलालेख तसं सांगतो.

‘लीलावती’च्या शेवटी ‘अंकपाश’ नावाचं प्रकरण आहे. इंजिनिअरिंगला जाताना आपण ज्या परम्युटेशनला घाबरतो, तेच हे. त्यात विचारलंय: शंख, चक्र, गदा, पद्म यांची हरीच्या चार हातांत अदलाबदल केली तर किती मूर्ती होतील? पहिल्या हाताला चार पर्याय, दुसऱ्याला तीन, मग दोन, मग एक. ४ × ३ × २ × १ = २४. संध्येत केशव, नारायण, माधव अशी चोवीस नावं घेतात ना, त्यांच्या मूर्ती ओळखायच्या त्या याच क्रमावरून. शेजारी दहा हातांचा शंभू आहे. त्याची रूपं ३६,२८,८००!

मला पुढचा नियम जास्त आवडतो. ४, ८, ५, ५, ५ या अंकांच्या संख्या किती? मांडण्या १२०. पण तीन पाच आपसांत ६ प्रकारे बदलले तरी संख्या तीच राहते. म्हणून १२० ÷ ६ = २०.

आता फोन बघा. चार आकड्यांवर बोटांचे डाग दिसले, तर पिन २४ पैकी एक. डाग तीनच असले तर? एक आकडा दोनदा आलाय. तो कुठला, याचे ३ पर्याय, आणि प्रत्येकी २४ ÷ २ = १२ मांडण्या. एकूण ३६. आकडा कमी, तरी पर्याय जास्त! मी चार ओळींचा कोड लिहून मोजले, ३६च आले.

पण म्हणून चोराला पहिल्याच फटक्यात पिन सापडण्याची शक्यता १/३६ आहे का? सगळे पिन सारखेच संभवत असतील, तरच. अंकपाशात हे पाऊल नाही, तिथे फक्त मोजणी आहे. शक्यतेचं गणित उभं राहिलं ते पास्काल आणि फर्मा यांच्या १६५४ मधल्या पत्रांतून, जुगाराच्या डावावरून. फासा कुणाची बाजू घेत नाही. माणूस घेतो. डाग १, ९, ७, ८ वर असतील तर चोर चोवीस पिन लावत बसणार नाही. आधी १९७८, मग १९८७.

तेव्हा पिन ठरवताना जन्मसाल विसरा आणि चिठ्ठ्या टाका. मगच हे अपूर्णांक तुमच्या बाजूने उभे राहतील.