सहाव्या वर्षाच्या अलीकडे

लंगोट बांधताना लेकराच्या मांड्या नीट फाकत नाहीत, हे घरात सगळ्यांत आधी कळतं ते त्याला न्हाऊमाखू घालणाऱ्या बाईला. पाय लांब करून बसायचं, बाळाला पायांवर पालथं घ्यायचं, तेल चोळायचं, कोमट पाणी ओतायचं. या कामात तिच्या हाताखालून गल्लीतली कितीतरी बाळं गेलेली असतात. एखाद्याचं अंग ताठ लागतं, तिसरा महिना सरला तरी मुठी उघडत नाहीत, अंगठा मुठीच्या आतच अडकलेला असतो. हे तिला जाणवतं आणि ती ते बोलूनही दाखवते. मग घरातलं कुणी म्हणतं, "पेटीत होतं ना लेकरू महिनाभर, कमजोर हाये, होईन मोकळं." विषय तिथंच मिटतो. तेच बाळ बसत नाही, उभं राहत नाही म्हणून पुढे कधीतरी तज्ज्ञासमोर येतं, तेव्हा पुष्कळदा वर्ष-दीड वर्ष उलटून गेलेलं असतं.

मालिशवाल्या बाईला जाणवलेला तो दिवस आणि दवाखान्यातला तो दिवस, यांच्या मधला काळ हे आपलं क्षेत्र. सरकारी कागदांत त्याला ‘शीघ्र हस्तक्षेप’ म्हणतात, लोक ‘थेरपी लावली’ म्हणतात. या क्षेत्रात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाचं मनापासून स्वागत आहे. विशेष शिक्षणाची पदविका करणारे विद्यार्थी, अंगणवाडी सेविका, आशाताई, फिजिओथेरपिस्ट यांच्यासाठी हे लिहिलं आहेच. पण मूल कडेवर घेऊन ही पानं चाळणाऱ्या आईलाही मी विद्यार्थ्यांच्याच रांगेत, खरं तर पहिल्या बाकावर, बसवते आहे. माझं म्हणणं एवढंच, की लहान वयातलं हे शिक्षण थेरपी केंद्राच्या खोलीत थोडं आणि घरच्या दिवसात पुष्कळ घडतं. केंद्राचं काम तो दिवस नीट लावून द्यायचं.

अकोल्याची जठारपेठ ही दवाखान्यांची आणि औषधांच्या दुकानांची वस्ती. अकोट, तेल्हारा, बाळापूर, पातूर, बार्शीटाकळी, शिवाय वाशीम-बुलढाण्याकडूनही लोक लेकरं घेऊन अकोल्यात येतात. त्यांच्या पिशवीत एक चुरगळलेलं डिस्चार्ज कार्ड असतं. जन्मल्यावर लगेच रडलं नाही, वजन कमी भरलं, झटके आले, कावीळ वाढली म्हणून रक्त बदललं, अशा नोंदी त्यावर असतात. नव्या कार्यकर्त्यांनी सगळ्यांत आधी हे कार्ड वाचायला शिकावं. अशा नोंदी असलेलं प्रत्येक बाळ जोखमीचं असतं आणि आज ते हसत-खेळत असलं तरी त्याची पुढची तपासणी चुकता कामा नये. मुदतीआधी जन्मलेल्या बाळाचे टप्पे मोजताना जितके आठवडे ते लवकर आलं तितके वयातून वजा करायचे, हेही त्याच दिवशी शिकून घ्यावं. नाहीतर चांगल्या बाळाच्या आईला उगाच घोर लागतो.

लवकर म्हणजे किती लवकर? इथे सगळ्यांना एकच उत्तर लागू पडत नाही. दोन हजार ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या किंवा चौतीस आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळाचा डोळ्याचा पडदा तिसाव्या दिवसाच्या आत तपासलाच पाहिजे. त्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढू लागल्या आणि ते वेळेत कळलं नाही, तर गेलेली दृष्टी परत आणता येत नाही. कानांचा हिशेब महिन्यांचा आहे. पहिल्या महिन्यात चाळणी तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत श्रवणयंत्र आणि बोलण्याचं शिक्षण, असा दंडक जगभर मानला जातो. सहा महिन्यांच्या आत ज्यांचं बहिरेपण ओळखलं गेलं त्यांची भाषा नंतर ओळखल्या गेलेल्या मुलांहून चांगली वाढली, असं अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या अभ्यासात १९९८मध्ये दिसलं, आणि पुढच्या कामाला तिथून दिशा मिळाली.

बाकीच्या गोष्टींना मात्र अशी कडक तारीख नाही. वर्षाचं होऊनही बडबड नाही, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत दोन शब्दांची जोडणी नाही, किंवा आलेले शब्द गळून गेले, तर थांबू नये. ‘याचा मामाही उशिराच बोलला होता’ हे ऐकून घ्यावं आणि तरीही कान तपासायला पाठवावं. पण चौथ्या वर्षी आलेल्या मुलाच्या आईला ‘फार उशीर केलात’ हे वाक्य कुणी ऐकवू नये. मेंदू पहिल्या काही वर्षांत सर्वाधिक घडतो हे खरं, मात्र नंतर तो घडायचा थांबतो हे खरं नाही. त्या वाक्याने एक दिवसही परत मिळत नाही, आणि आई खचली तर पुढचे महिने मात्र हातचे जातात.

आता घरच्या दिवसाकडे येऊ. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला भरवण्याचंच पाहा. पुष्कळ घरांत त्याला मांडीवर आडवं घेतात, मान मागे टाकतात आणि बोंडल्याने किंवा चमच्याने पातळ पेज घशात सोडतात. मुलाला ठसका लागतो, अन्न श्वासनलिकेत जातं, छाती भरते आणि वजन वाढत नाही. याच मुलाला दोन भिंतींच्या कोपऱ्यात, पाठीशी उशी आणि दोन्ही बाजूंना गुंडाळलेली चादर लावून बसवलं, हनुवटी किंचित खाली ठेवली, पेज थोडी दाट केली आणि चमचा वरून न ओतता समोरून, जिभेवर हलका दाब देऊन ठेवला, की जेवणाला वेळ लागतो, पण ते सुरक्षित होतं. शिवाय मुलाला आईचं तोंड दिसतं. ती ‘आऽ कर’ म्हणते आणि थांबते. त्या थांबण्यात मुलाला उत्तर द्यायला जागा मिळते. एका जेवणात बसण्याचा, गिळण्याचा, पाहण्याचा आणि बोलण्याचा असे चार पाठ झाले. दिवसातून तीन वेळा, वर्षाचे बाराही महिने एवढा सराव कोणतं केंद्र देऊ शकेल?

घरी जाऊन आईवडिलांच्या हाती पाठ सोपवण्याची ही पद्धत १९६९मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, पोर्टेज या गावी आकाराला आली. ग्रामीण भागात घरं लांब लांब होती, मुलांना एका जागी आणणं परवडत नव्हतं, म्हणून शिक्षक आठवड्यातून एकदा घरी जाऊ लागले. आपल्या तेल्हाऱ्याची आणि पातूरची अडचण काही वेगळी नाही.

त्याआधीचा, १९३०च्या दशकातला, आयोवामधला एक अनुभव मी प्रत्येक नव्या तुकडीला सांगते. अनाथालयातली तेरा लहान मुलं मंदबुद्धी ठरवली गेली होती. हॅरॉल्ड स्कील्स यांनी ती प्रौढ स्त्रियांच्या एका संस्थेत हलवली, आणि त्या स्त्रियाही मंदबुद्धीच ठरवलेल्या होत्या. त्यांनी एकेक मूल आपलं मानलं, त्याच्याशी खेळल्या, बोलल्या, त्याला मिरवलं. मुलांचा बुद्ध्यांक सरासरी सत्तावीस-अठ्ठावीस गुणांनी वाढला. अनाथालयात मागे राहिलेल्या बारा मुलांचा जवळजवळ तेवढाच घसरला. पुढे १९६६मध्ये पाठपुरावा प्रसिद्ध झाला, तेव्हा ती तेराही माणसं स्वतःच्या पायांवर उभी होती. या अभ्यासाच्या रचनेत उणिवा आहेत, त्या दाखवल्याही गेल्या आहेत. त्या मुलांच्या मेंदूला इजा नव्हती, त्यांची उपासमार सहवासाची होती. म्हणून प्रेमाने सगळं बरं होतं असा अर्थ त्यातून कुणी काढू नये. पण शिकवणारी व्यक्ती पदवीधरच हवी, हा समज त्या अनुभवाने मोडला.

आपल्याकडची परंपराही तोकडी नाही. माँटेसरीबाईंनी रोममध्ये आधी ‘मागास’ म्हणून बाजूला काढलेल्या मुलांबरोबर काम केलं, ईतार आणि सेगँ या फ्रेंच डॉक्टरांची साधनं वापरून पाहिली आणि मग १९०७मध्ये सर्वसाधारण मुलांसाठी बालगृह उघडलं. ती दृष्टी गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी आपल्याकडे रुजवली. ताराबाईंचा संसार अमरावतीतला. पुढे भावनगर, मग १९४५मध्ये बोर्डी आणि नंतर अनुताई वाघांच्या साथीने कोसबाड, असा त्यांचा प्रवास झाला. म्हणजे बालवाडीतल्या साधनांचा उगमच विशेष मुलांना शिकवण्यात आहे. एखाद्या बालवाडीने ‘हे मूल आमच्याकडचं नाही’ असं म्हटलं, तर हा इतिहास तिथे जरूर सांगावा.

मोजमापाची साधनंही इथलीच आहेत. डॉ. प्रमिला फाटक यांनी बडोद्यात भारतीय बाळांवरून तयार केलेल्या मापनश्रेणीत हालचालींचे ६७ आणि बौद्धिक वाढीचे १६३ टप्पे आहेत. तिला प्रशिक्षित माणूस लागतो. तिरुअनंतपुरमच्या बालविकास केंद्राचा तक्ता मात्र सेविकेलाही जमतो. बाळाच्या वयावर पेन्सिल उभी धरायची आणि तिच्या डावीकडे राहिलेला टप्पा बाळाला येत नसेल, तर पुढे पाठवायचं. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातून १९८७ ते १९८९ या काळात घरी गेलेल्या, दोन हजार ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा डॉ. सुधा चौधरी, डॉ. आनंद पंडित आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अठराव्या वर्षापर्यंत मागोवा घेतला. बाराव्या वर्षी या मुलांचा सरासरी बुद्ध्यांक सर्वसाधारण मर्यादेत होता, तरी बरोबरीच्या मुलांपेक्षा कमी भरला. वाचन, गणित आणि हाताच्या बारीक कामांत ती अडखळत होती. दुसऱ्या वर्षी ‘सगळं ठीक’ म्हणून फाईल बंद करू नये, ती यासाठी.

वऱ्हाडात आणखी एक नाव हमखास निघतं, ते गुलाबराव महाराजांचं. १८८१चा जन्म, वर्षाचे होण्याआधीच दृष्टी गेलेली, ३४ वर्षांचं आयुष्य आणि शंभरावर ग्रंथ. ‘त्यांना कुठं होती थेरपी?’ असं विचारणाऱ्यांना मी सांगते, की लोक त्यांना ग्रंथ वाचून दाखवत आणि त्यांनी सांगितलेलं लिहून घेत. ज्ञानाची वाट डोळ्यांनी बंद झाली, ती माणसांनी कानांनी मोकळी केली. याच वऱ्हाडात, अचलपूरजवळच्या वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांना आपलं नाव दिलं. २०२४मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा अमरावती जिल्ह्याला झालेला आनंद खरा होता. पण मूल टाकून द्यावं असं ज्या घराला वाटतं, त्या घरापर्यंत जन्मानंतरच्या पहिल्याच महिन्यात पोचणं, हे आपलं काम आहे.

पोचण्याच्या वाटा आखलेल्या आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला झाली. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतात आणि संशयित मुलांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. आशाताई बाळाच्या तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी जाते. घरी जाऊन बाळ तपासण्याची कल्पना डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत नवजात बाळांबाबत सिद्ध केली, तीही विदर्भाचीच. मान धरणं, बसणं, उभं राहणं, पहिला शब्द हे सगळं याच महिन्यांत पाहायचं असतं. वजनकाट्याबरोबर एक खुळखुळा आणि तो पेन्सिलीचा तक्ता आशाताईच्या पिशवीत असला पाहिजे.

अडतं ते पुढे. २०१६च्या दिव्यांग कायद्याने मोफत शिक्षणाचा हक्क दिला तो सहा ते अठरा या वयाला. सहाच्या अलीकडे सरकारची कर्तव्यं आहेत, पण मुलाच्या हातात तसा हक्क नाही. त्या वर्षांचा खर्च आईच्या मजुरीतून निघतो. सोयाबीन सोंगणीपासून कापूस वेचणी संपेपर्यंत केंद्रातली हजेरी घटते. त्याला ‘पालक उदासीन’ असा शेरा मारणं मला अन्यायाचं वाटतं. थेरपीचं वेळापत्रक शेतीचे हंगाम पाहून लावावं, वेचणीच्या महिन्यांत घरभेटी वाढवाव्यात आणि आजीला, बापाला पाठ द्यावेत. याच थकव्याचा फायदा घेऊन कुणी मूलपेशींच्या इंजेक्शनने ऑटिझम बरा करण्याची हमी देतं. रक्ताच्या मोजक्या आजारांवरचे मान्य उपचार सोडले, तर संशोधनाच्या चौकटीबाहेर असा वापर करू नये, असं भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. शेत गहाण टाकण्याआधी पालकांना हे कुणीतरी सांगायला हवं, आणि ते सांगणारे आपण असावं.

पहिलं प्रकरण वाचण्याआधी नव्या विद्यार्थ्यांनी एका मुलाच्या घरी जावं. तक्ता, फॉर्म काहीही बाहेर काढू नये. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत मूल कुठे असतं, कुणाच्या हातात असतं, कुणाचा आवाज ऐकून वळतं, काय मागतं आणि कसं मागतं, हे घरच्यांना विचारावं. ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावं. मग त्यातली एकच वेळ, आंघोळीची म्हणा की जेवणाची, आईने स्वतः निवडावी. त्या आठवड्यात फक्त तेवढ्या वेळेवर काम करावं आणि पुढच्या भेटीत काय जमलं नाही ते आधी विचारावं.