तोंडी परीक्षेचे वीस गुण

बारावीचा लेखी पेपर तोंडावर आला की त्याआधी रत्नागिरी जिल्ह्यातल्या देवरूखमध्येही इंग्रजीची तोंडी परीक्षा उरकली जाते. तालुक्याचे ठिकाण असल्याने आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांवरची मुले एसटीने येतात. त्यांच्या घरात संगमेश्वरी बोली चालते, वर्गात प्रमाण मराठी आणि त्या दिवशी काही मिनिटे इंग्रजी. समोर बसलेले शिक्षक वर्षभर शिकवणारेच. त्यांना मुलाचे नाव, गाव, वडिलांचा धंदा, सगळे ठाऊक असते. लेखीचे 80 आणि तोंडीचे 20 गुण. बहुतेक मुलांना इंग्रजीत बोलल्याबद्दल गुण मिळवायच्या आयुष्यातल्या मोजक्या संधींपैकी ही एक.

इंग्रजी आली म्हणजे लिहिता आली, हा आपल्याकडचा जुना हिशेब. मुंबई विद्यापीठ 1857 मध्ये स्थापन झाले आणि 1859 मध्ये पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. महादेव गोविंद रानडे त्या पहिल्या तुकडीतले. त्यानंतरच्या पिढ्यांनी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोकली. मराठी वाक्य इंग्रजीत करायचे, इंग्रजी वाक्य मराठीत आणायचे, असा सगळा लेखणीचा खेळ. मुंबईच्या कचेरीत चिकटायचे तर मसुदा बिनचूक उतरवता आला पाहिजे. साहेबाशी गप्पा मारायला कारकुनाला कोण बोलावणार होते? स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेरांच्या सरकारने पाचवी ते सातवीच्या वर्गांतून इंग्रजी काढली आणि ती आठवीवर गेली. पुढे ती पुन्हा पाचवीवर आली आणि 2000 मध्ये, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, थेट पहिलीत. इयत्ता वर-खाली होत राहिली, तरी गुणांचा मोठा वाटा कागदावरच राहिला.

बाहेरच्या जगातही बोलण्याची परीक्षा सुखासुखी रुजली नाही. केंब्रिजने 1913 मध्ये परदेशी लोकांसाठी इंग्रजीतल्या प्रावीण्याची परीक्षा सुरू केली. पहिल्या वर्षी तीन उमेदवार बसले आणि तिघेही नापास झाले! बारा तासांच्या त्या परीक्षेत भाषांतर, निबंध, साहित्य, ध्वनिशास्त्र असे सगळे होते. तोंडीच्या वाट्याला जेमतेम एक तास आला होता आणि त्यातला अर्धा तास श्रुतलेखनात जाई. तरीही केंब्रिजने ती एक तासाची जागा राखली, हे विशेष. अमेरिकेतली टोफेल 1964 मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्यात बोलणे नव्हतेच. हजारो उमेदवारांचे पर्यायी उत्तरांचे कागद यंत्राला तपासता येत, जीभ तपासता येत नव्हती. टोफेलच्या मुख्य परीक्षेत बोलणे आले ते 2005 मध्ये, संगणकापुढे बसून मायक्रोफोनमध्ये.

आयेल्ट्स या दुसऱ्या इंग्रजी परीक्षेने 1989 पासून समोरासमोरच्या मुलाखतीचा मार्ग धरला. आज ही मुलाखत 11 ते 14 मिनिटांची असते. मधल्या टप्प्यात विषयाचे कार्ड हाती येते, विचार करायला एक मिनिट मिळते आणि मग दोन मिनिटांपर्यंत सलग बोलायचे. ओघ, शब्दसंपदा, व्याकरण आणि उच्चार या चार निकषांवर गुण पडतात. कोकणी वळणाचा उच्चार असला म्हणून गुण कापत नाहीत. ऐकणाऱ्याला समजले म्हणजे झाले. परीक्षक मात्र परका असतो, त्याचे प्रश्न ठरलेले असतात आणि सगळे बोलणे ध्वनिमुद्रित होते. ओळखीची भीड आड येऊ नये म्हणून एवढा खटाटोप.

बोलण्याची पातळी मोजणे किती गंभीर असू शकते हे कळायला भारताच्याच आकाशात अपघात घडावा लागला. 12 नोव्हेंबर 1996 रोजी हरियाणातल्या चरखी दादरीजवळ सौदी आणि कझाक विमाने हवेत धडकून 349 माणसे गेली. चौकशीत कझाक वैमानिकांच्या तोकड्या इंग्रजीकडेही बोट दाखवले गेले. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने 2003 मध्ये वैमानिकांसाठी सहा पातळ्यांची मोजपट्टी आणली. त्यात किमान चौथी पातळी लागते. सहा निकषांपैकी ज्यात वैमानिक सर्वांत कच्चा, तीच त्याची पातळी धरतात. सरासरीचा आधार तिथे नाही.

आपल्या राज्य मंडळात नेमकी उलटी तक्रार होती. भाषांचे 20 अंतर्गत गुण शाळा सढळ हाताने वाटतात, असे म्हणत 2018-19 मध्ये दहावीसाठी ते काढून टाकण्यात आले. राज्याचा निकाल 89.41 टक्क्यांवरून 77.10 टक्क्यांवर घसरला. रत्नागिरी-सिंधुदुर्गाचा कोकण विभाग राज्यात पहिलाच राहिला, पण 96 वरून 88.38 वर आला. त्या वर्षी अभ्यासक्रमही नवा होता, म्हणून सगळे खापर या 20 गुणांवर फोडता येणार नाही. तरी ओरड इतकी झाली की ऑगस्ट 2019 मध्ये सरकारने ते गुण परत दिले. 2020 मध्ये राज्याचा निकाल 95.30 आणि कोकणाचा 98.77 टक्के लागला.

करोनामुळे 2021 मध्ये मंडळाची लेखी परीक्षा रद्द झाली. नववीचे 50, दहावीच्या अंतर्गत लेखीचे 30 आणि तोंडी-प्रात्यक्षिकाचे 20, असे शाळेच्या हातातले गुण धरून निकाल लागला. कोकण विभाग: 100 टक्के.

शाळेच्या हातातले गुण असे सैल सुटतात म्हणून तोंडी परीक्षाच नको, हा निष्कर्ष मात्र चुकीचा ठरेल. ज्याला गुण नाहीत ते वर्गात शिकवले जात नाही, हे कोणताही शिक्षक सांगेल. वीस गुण गेले की मुलांचे इंग्रजीत बोलणे त्याच दिवशी थांबते. बदलायला हवा तो समोर बसणारा माणूस. देवरूखच्या मुलांची तोंडी परीक्षा साखरप्याच्या शिक्षकाने घ्यावी, साखरप्याच्या मुलांची संगमेश्वरच्या शिक्षकाने, आणि टेबलावर एक मोबाइल रेकॉर्डिंग चालू करून ठेवावा. एसटीच्या तिकिटापलीकडे याला फारसा खर्च नाही.