मूळ सॉफ्टवेअर म्हणजेच सुरक्षितता?

फोन कंपनीने दिला तसाच वापरावा, त्याचा बूटलोडर उघडू नये, तो रूट करू नये, त्यात दुसरे रॉम तर मुळीच घालू नये, असे मत आज जवळजवळ सर्वमान्य झाले आहे. मोबाइलच्या दुकानातला मुलगा ते सांगतो, बँकेचे ॲप तेच बजावते आणि संगणकशास्त्र शिकलेली माणसेही त्याला दुजोरा देतात. मताचा गाभा इतकाच : मूळ सॉफ्टवेअर सुरक्षित, बदललेले असुरक्षित. हे मत चुकीचे आहे, आणि सोडून देण्यासारखी ही चूक नाही. ज्यांच्या फोनला कंपनीने वाऱ्यावर सोडले आहे त्यांना त्यातून खोटा दिलासा मिळतो, आणि त्यांच्या हाती असलेल्या एकमेव उपायाचीच त्यांना भीती घातली जाते.

पूर्वपक्ष आधी त्याच्या पूर्ण बळानिशी मांडला पाहिजे. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स आहे. लिनक्समध्ये प्रत्येक वापरकर्त्याला एक क्रमांक असतो. अँड्रॉइडने ही सोय वापरून प्रत्येक ॲपलाच स्वतंत्र वापरकर्ता ठरवले. त्यामुळे खेळाच्या ॲपला बँकेच्या ॲपचा कप्पा उघडता येत नाही. शून्य क्रमांकाचा वापरकर्ता म्हणजे रूट. त्याला कोणताच कप्पा बंद नसतो. फोन रूट केला आणि तो अधिकार एखाद्या लबाड ॲपच्या हाती गेला, तर सगळ्या भिंती एका क्षणात पडतात. दुसरा मुद्दा बूटलोडरचा, म्हणजे फोन सुरू करणाऱ्या पहिल्या प्रोग्रॅमचा. फोन सुरू होताना चिपमध्ये कोरलेल्या किल्लीपासून सुरुवात करून प्रत्येक टप्पा पुढच्या टप्प्याची सही तपासतो. बूटलोडर अनलॉक केला की ही साखळी तुटते. मग कोणी तुमचा फोन तासभर हातात घेऊन त्यात फेरफार केला, तर फोन तक्रार न करता सुरू होईल.

हे दोन्ही मुद्दे खरे आहेत. मला ते पूर्णपणे मान्य आहेत. पण त्यांतून जो निष्कर्ष काढला जातो तो त्यांतून निघत नाही.

कारण येथे तीन वेगळ्या क्रिया एकाच नावाखाली कोंबल्या आहेत. बूटलोडर अनलॉक करणे ही पहिली : कंपनीची सही नसलेले सॉफ्टवेअरही फोनने चालू करावे, एवढीच मुभा त्यातून मिळते, आणि अनलॉक करताना फोनमधला सगळा डेटा पुसला जातो, तो चोराला वाचता येऊ नये म्हणून मुद्दाम. दुसरी क्रिया कस्टम रॉम फ्लॅश करण्याची, म्हणजे संपूर्ण प्रणालीच बदलण्याची. आणि तिसरी रूट करण्याची, म्हणजे चालू प्रणालीत शून्य क्रमांकाचा अधिकार ॲपना उपलब्ध ठेवण्याची. पूर्वपक्षाचा सर्वांत जड आरोप, भिंती पडण्याचा, फक्त तिसऱ्या क्रियेला लागू पडतो. दुसरी क्रिया तिसरीशिवाय करता येते, आणि आज ती बहुधा तशीच केली जाते.

हे रॉम बनवणाऱ्यांना कधीच कळले होते. सायनोजेनमॉड हे एके काळचे सर्वांत लोकप्रिय कस्टम रॉम. मार्च २०१२ मध्ये त्याच्या निर्मात्यांनी जाहीर केले की नवव्या आवृत्तीपासून रूट मुळात बंद असेल. कारण सरळ होते : बहुतेकांना त्याची गरज नसते, आणि ते चालू ठेवणे धोक्याचे असते. २०१६ च्या अखेरीस सायनोजेनमॉड बंद पडले आणि त्याच्या जागी लिनिएजओएस आले. तेही रूटविनाच येते. ग्राफीनओएस हा प्रकल्प आणखी पुढे गेला. तो फक्त पिक्सेल फोनसाठी आहे; एक कारण असे की पिक्सेलमध्ये रॉम बदलल्यावर त्या रॉमच्या किल्लीने बूटलोडर पुन्हा लॉक करता येतो. म्हणजे सह्या तपासण्याची साखळी शाबूत राहते, फक्त सही गूगलची नसून ग्राफीनओएसची असते. अँड्रॉइडच्या रचनेतच या अवस्थेची तरतूद आहे. फोन सुरू होताना तो पिवळी खूण दाखवतो. आणि हाच प्रकल्प रूट करण्याला ठाम विरोध करतो. ज्यांना आपण फोन बिघडवणारे समजतो तेच पूर्वपक्षाचा मुख्य मुद्दा पूर्वपक्षापेक्षा अधिक कसोशीने पाळत आहेत.

आता ‘मूळ सॉफ्टवेअर सुरक्षित’ या अर्ध्या भागाकडे वळू. येथे खरी गोम आहे, म्हणून थोडे थांबतो.

जुलै २०१५ मध्ये ‘स्टेजफ्राइट’ या नावाने ओळखली गेलेली त्रुटी उघड झाली. व्हिडिओ वाचणाऱ्या अँड्रॉइडच्या एका घटकातली ही त्रुटी. नुसत्या एमएमएसमधून फोनचा ताबा मिळण्याची शक्यता. गूगलकडे दुरुस्ती तयार होती, पण ती फोनपर्यंत नेणे कंपन्यांच्या हातात होते आणि कंपन्या रेंगाळत होत्या. सायनोजेनमॉडने मात्र बातमी फुटली तेव्हाच सांगितले की आपल्या ताज्या आवृत्त्यांत दुरुस्ती आधीच घातलेली आहे. याच धक्क्यानंतर, ऑगस्ट २०१५ पासून, गूगलने दरमहा सुरक्षा पत्रक काढायला सुरुवात केली. त्या पत्रकात कोणत्या त्रुटी सापडल्या आणि त्या कशा बुजवल्या हे असते. ज्याला दुरुस्तीचा पॅच मिळतो त्याच्यासाठी हे वरदान. ज्याच्या फोनला कंपनीने अपडेट देणे थांबवले आहे त्याच्यासाठी मात्र गावातल्या कोणत्या घराची कडी मोडकी आहे याची यादी दरमहा चावडीवर लावावी तसे ते आहे.

त्याहून जुने उदाहरण अधिक बोलके आहे. मार्च २०११ मध्ये गूगलच्या अधिकृत ॲप बाजारातच ‘ड्रॉइडड्रीम’ हे मालवेअर पन्नासाहून अधिक ॲपमध्ये सापडले. ते रूट केलेला फोन शोधत बसत नव्हते. फोन स्वतःच रूट करत होते, तेही हौशी मंडळी ज्या जाहीर त्रुटी वापरत त्याच त्रुटींनी. ज्यांच्याकडे अँड्रॉइड २.२.२ किंवा त्यापुढची आवृत्ती होती ते वाचले. जुन्या आवृत्तीवर अडकलेले, कंपनीचे सॉफ्टवेअर जसेच्या तसे जपणारे, सापडले. मालकाने रूट केले नाही म्हणून चोराला रूट करता येत नाही, ही समजूत त्या महिन्यातच मोडायला हवी होती.

शिवाय कंपनीकडून आलेले सॉफ्टवेअर निर्मळ असते हेही गृहीत धरता येत नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये क्रिप्टोवायर या संस्थेने दाखवून दिले की अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या काही स्वस्त अँड्रॉइड फोनमध्ये ॲडप्स या कंपनीचे अपडेट-सॉफ्टवेअर मालकाचे संदेश चीनमधल्या सर्व्हरकडे पाठवत होते. जून २०१९ मध्ये गूगलने स्वतः मान्य केले की ‘ट्रायडा’ हे मालवेअर काही फोनमध्ये कारखान्यातूनच, पुरवठादाराच्या मार्फत, घुसले होते. या फोनांचा बूटलोडर कोणीही उघडला नव्हता.

मग कस्टम रॉम टाकले की प्रश्न मिटला का? नाही, आणि हे उत्साही मंडळींनी नीट ऐकावे. अँड्रॉइडचा मोठा भाग मुक्त स्रोत आहे, तो रॉमवाल्यांना दुरुस्त करता येतो. पण मोडेम, ग्राफिक्स, चिपमधला सुरक्षित कप्पा यांचे सॉफ्टवेअर बंद पेटीतले असते. ते चिपच्या कंपनीने दुरुस्त केले तरच होते. लिनिएजओएस हे लपवत नाही. त्याच्या ‘ट्रस्ट’ पडद्यावर प्रणालीच्या पॅचची आणि पुरवठादाराच्या पॅचची पातळी वेगवेगळी दाखवलेली असते. दुसरी त्रुटी माणसांची. अनधिकृत रॉम कोणा अनोळखी व्यक्तीने घरी बनवून टेलिग्रामवर टाकलेले असते, काही वेळा तर सगळ्या जगाला ठाऊक असलेल्या चाचणीच्या किल्लीने सही केलेले असते. असे रॉम घालून त्यावर बँकेचे व्यवहार करणे हा शुद्ध अविचार आहे. पण यावरून निघतो तो निष्कर्ष रॉम पारखून घेण्याचा. पॅच न मिळणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये मुक्त भागातली भोकेही उघडी आणि बंद भागातलीही. चांगल्या रॉममध्ये निदान पहिली बुजलेली असतात. ऑगस्ट २०१८ मध्ये भारतात आलेला पोको एफ१ घ्या : कंपनीने त्याला अँड्रॉइड १० वर सोडले, लिनिएजओएसने त्याच्या पुढे नेले. फोन तोच, चिप तीच.

बँकांचे काय? भारतात हाच अडथळा सर्वांत मोठा, म्हणून त्याची छाननी करू. अनेक बँका गूगलच्या ‘प्ले इंटिग्रिटी’ तपासणीवर विसंबतात. ही तपासणी काय पाहते? बूटलोडर लॉक आहे का आणि प्रणाली गूगलने प्रमाणित केलेली आहे का. पॅच कधीचा आहे, हे तिची नेहमीची पातळी पाहत नाही. मे २०२५ पासून तिच्या सर्वांत कडक पातळीसाठी वर्षभरातला पॅच लागतो, तोही अँड्रॉइड १३ आणि पुढच्या फोनवर. परिणाम असा की कित्येक वर्षे पॅच न मिळालेला जुना फोन नेहमीच्या पातळीवर उत्तीर्ण होतो, आणि दरमहा पॅच मिळणारा, बूटलोडर पुन्हा लॉक केलेला ग्राफीनओएसचा पिक्सेल त्याच पातळीवर नापास. ही सुरक्षेची परीक्षा नाही. फोन गूगलच्या परवान्यातला आहे की नाही, एवढेच ती सांगते. अँड्रॉइडमध्ये दुसरी सोयही आहे : फोनच्या चिपकडून थेट दाखला घेऊन कोणती प्रणाली, कोणत्या किल्लीने, लॉक अवस्थेत चालू आहे हे ॲपला पडताळता येते. बँकेला विश्वासार्ह रॉमची किल्ली मान्य करायची असेल तर तांत्रिक अडचण नाही.

‘रिझर्व्ह बँकेचा नियम आहे’ असे उत्तर येते. फेब्रुवारी २०२१ च्या डिजिटल पेमेंट सुरक्षेच्या निर्देशांत रूट केलेल्या फोनवर ॲप रोखण्याची शक्यता तपासून पाहावी, असे बँकांना सुचवले आहे. तेथे रोख रूटवर आहे. रूट नसलेले, लॉक केलेले, ताजे पॅच असलेले रॉम अडवा, असे त्यात नाही. ती भर बँकांनी स्वतः, सोयीचे म्हणून घातली आहे.

आणि पैसे खरोखर जातात कोठून? लग्नपत्रिका किंवा वाहतुकीचे चलान म्हणून व्हॉट्सॲपवर आलेल्या एपीकेमधून, म्हणजे ॲपच्या फाइलमधून; ‘केवायसी’च्या फोनवरून पडदा शेअर करायला लावणाऱ्या भामट्याकडून; सांगितलेल्या ओटीपीतून. आपल्याकडचे सायबर पोलीस वारंवार सावध करतात ते यांबद्दल. या साऱ्या लुबाडणुकीला रूट लागत नाही. साधा, मूळ सॉफ्टवेअरचा फोन आणि घाबरलेला माणूस पुरतो.

कायद्याचा मुद्दा लवकर आटोपता येतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ४३ संगणकाच्या मालकाच्या परवानगीशिवाय केलेल्या घुसखोरीबद्दल आहे. स्वतःच्या फोनचे मालक तुम्हीच. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये आलेले कलम ६५ए कुलूप तोडण्याला शिक्षा सांगते, पण कॉपीराइटचा भंग करण्याच्या हेतूने तोडले तर. अमेरिकेत कायदा अधिक कठोर आहे, तेथेही २०१० मध्येच स्मार्टफोनसाठी सूट मिळाली. सायनोजेनमॉडच्या स्टीव्ह कॉन्डिकला गूगलने २००९ मध्ये नोटीस दिली हे खरे. ती प्रणाली बदलल्याबद्दल नव्हती, गूगलची बंद ॲप सोबत वाटल्याबद्दल होती. म्हणूनच आजही लिनिएजओएस गूगलच्या ॲपविना येते.

वॉरंटीबद्दल एवढेच की ज्या फोनची वॉरंटी संपून वर्षे झाली, त्याच्या बाबतीत हा आक्षेप उभाच राहत नाही. नव्या फोनचा बूटलोडर उघडू नका, हे मीही सांगेन.

आता मंडन. मालकाला आपल्या वस्तूत बदल करता येण्याचे मोल मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. अँड्रॉइड २ च्या काळात कित्येक फोनवर देवनागरी मजकुराच्या जागी नुसते चौकोन दिसत. पेटीवर जगभराच्या जाहिराती, आणि आईचा मराठीतला निरोप वाचता येत नाही. तेव्हा फोन रूट करून सिस्टीमच्या फोल्डरमध्ये देवनागरी फॉन्टची फाइल टाकणे, हाच अनेकांचा मार्ग होता. जोडाक्षरे तरी मोडायचीच, कारण अक्षरे जुळवणारे यंत्रच प्रणालीत नव्हते. पण वाचता तर येई. कंपन्यांना आपली लिपी महत्त्वाची वाटण्याआधी ती ज्यांनी फोनवर आणली, ते ‘मूळ सॉफ्टवेअर जपा’ म्हणणारे नव्हते.

आज गरज लिपीची नाही, आयुष्याची आहे. पिक्सेल ८ आणि गॅलेक्सी एस२४ यांना सात वर्षे अपडेटचे वचन आहे, पण ते महाग फोन. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून, विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षे अपडेट देणे कंपन्यांवर बंधनकारक केले. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि मोबाइल त्यात घेतले, तरी चर्चा सुट्या भागांभोवतीच फिरते. सॉफ्टवेअर हाही सुटा भागच आहे. दरम्यान दरवाजे बंद होत आहेत : हुआवेने २०१८ मध्ये अनलॉकचे कोड देणे थांबवले, शाओमीने अटी वाढवत नेल्या. सुरक्षेचे कारण पुढे करून हे होते, आणि पूर्वपक्षाचे मत त्याला नैतिक आधार पुरवते.

कंपन्यांकडे माझी मागणी एवढीच : ज्या दिवशी अपडेट थांबवाल त्या दिवसापासून बूटलोडर अटींविना उघडू द्या. बँकांनी परवाना तपासण्याऐवजी पॅचची तारीख तपासावी. आणि वाचकाने आज आपल्या फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन सुरक्षा अपडेटची तारीख पाहावी. ती दोन वर्षांपूर्वीची असेल तर त्या फोनवर बँकेचे काम बंद करावे. लिनिएजओएसच्या अधिकृत यादीत तो फोन असेल तर बॅकअप घेऊन, जाणकाराच्या मदतीने, रूट न करता ते घालावे. यादीत नसेल, तर टेलिग्रामवरच्या अनोळखी रॉमच्या नादी लागू नये.