गुलबकावली कुणाची?

मांजराच्या डोक्यावर दिवा आणि दिव्याच्या अंधारात लपलेला उंदीर. समोर फाशांचा खेळ रंगला आहे. दान मनाजोगतं पडलं नाही की मांजर मान हलवतं, पटावर सावली पडते आणि तेवढ्यात उंदीर फासा उलटवून पळतो. या युक्तीनं दिलबर नावाच्या गणिकेनं किती राजपुत्रांना लुबाडलं, याची मोजदाद नाही. शेवटी एक राजपुत्र बाहीत मुंगसाचं पिल्लू लपवून आला. मुंगूस पाहताच उंदीर बिळात, मांजर पसार, आणि बाईसाहेबांनी सारं गमावलं!

माझी दादी ही गोष्ट दखनीत सांगायची. मुंगूस बाहेर पडलं की आम्ही पोरं टाळ्या पिटायचो. ही ‘गुलबकावली’ची गोष्ट. बादशहा झैनुलमुलूक आंधळा होतो आणि बकावली परीच्या बागेतल्या फुलानंच त्याची दृष्टी परत येणार असते. चार थोरले राजपुत्र दिलबरच्या जाळ्यात अडकतात. धाकटा ताजुलमुलूक त्यांना सोडवतो, राक्षसांशी नातं जोडतो, उंदरांनी खणलेल्या भुयारातून परीच्या बागेत शिरतो आणि फूल घेऊन येतो. भाऊ ते फूल वाटेत हिसकावतात. इकडे चोराच्या शोधात निघालेली बकावली पुरुषवेष घेऊन थेट बादशहाची वजीर होते आणि शेवटी चोराच्याच प्रेमात पडते.

गंमत पुढेच आहे. ही परी नाचायला जाते ती इंद्राच्या दरबारात! माणसावर प्रेम केलं म्हणून इंद्र तिला शाप देतो आणि ती कमरेखाली दगड होते. सिंहलद्वीपातल्या एका देवळात ती तशी पडून राहते. पुढं देऊळ पाडलं जातं, तिथं मोहरीचं शेत पिकतं आणि बकावली एका शेतकऱ्याच्या घरी पुन्हा जन्म घेते. नायकाचं नाव ताजुलमुलूक, शाप इंद्राचा, सुटका पुनर्जन्मानं! ऐकणाऱ्याला यात काही विसंगत वाटत नसे. दादीलाही कधी वाटलं नाही.

हिंदुस्थानातली ही लोककथा १७२२ मध्ये इज्जतुल्ला बंगाली यांनी फारसीत लिहिली. पुढं कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात नव्या इंग्रज अधिकाऱ्यांना इथली बोली शिकवण्यासाठी सोप्या गद्य पुस्तकांची गरज पडली. जॉन गिलख्रिस्ट यांच्या सांगण्यावरून निहालचंद लाहोरी यांनी १८०३ मध्ये तीच कथा उर्दूत आणली आणि पुस्तकाला नाव दिलं ‘मजहब-ए-इश्क’, म्हणजे प्रेमाचा धर्म. बंगालच्या मुसलमानाची फारसी कथा लाहोरच्या हिंदूनं उर्दूत आणली, ती इंग्रजांना भाषा शिकवण्यासाठी!

मग ती लखनौला पोचली. तिथं दयाशंकर कौल हे काश्मिरी पंडित ‘नसीम’ या नावानं शायरी करत. ख्वाजा हैदर अली ‘आतिश’ हे त्यांचे उस्ताद. नसीम यांनी १८३८-३९ च्या सुमारास या कथेवर ‘गुलजार-ए-नसीम’ ही मसनवी लिहिली. मसनवी म्हणजे दोन-दोन ओळींच्या यमकांत बांधलेलं कथाकाव्य. असं सांगतात, की पहिला खर्डा फार लांबला होता. उस्ताद म्हणाले, एवढं कोण वाचणार? शिष्यानं निमूटपणे कात्री चालवली. जे उरलं ते इतकं नेटकं, की उर्दूतल्या थोर मसनव्यांमध्ये मीर हसन यांच्या ‘सहर-उल-बयान’च्या शेजारी तिला जागा मिळाली. नसीम मात्र पस्तिशी गाठण्याआधीच गेले.

नसीम जाऊन साठेक वर्षं झाल्यावर, १९०५ मध्ये वाद पेटला. ब्रिजनारायण चकबस्त या तरुण कवीनं ‘गुलजार-ए-नसीम’ची नवी आवृत्ती काढली. प्रसिद्ध कादंबरीकार अब्दुल हलीम शरर यांनी तिच्यावर टीका केली. त्यांनी भाषेतल्या चुका काढल्या आणि मसनवी मुळात उस्ताद आतिश यांचीच असल्याची शंकाही मांडली. चकबस्त यांनी मुद्द्याला मुद्दा देत उत्तर दिलं. पुढं हा सगळा वाद ‘मार्का-ए-चकबस्त-ओ-शरर’ या नावानं उर्दू साहित्यात प्रसिद्ध झाला.

वरवर हे विद्वानांचं भांडण. पण मला त्यात दुसराच प्रश्न ऐकू येतो. पंडिताच्या पोराला असं उर्दू येईलच कसं? उस्तादानं शागिर्दाच्या ओळी सुधारून देणं ही तर उर्दूतली जुनी रीत. मग नेमकी नसीमच्या बाबतीतच ती रीत संशयाची का व्हावी?

हा प्रश्न मला ऐकू येतो, कारण तो मी स्वतः झेलला आहे, उलट्या बाजूनं. तरुणपणी एका कविसंमेलनात कविता वाचून खाली उतरलो. एका गृहस्थांनी पाठ थोपटली, कौतुक केलं आणि हळूच विचारलं, “छान मराठी आहे हो! तपासून कोण देतं तुम्हाला?” त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. म्हणूनच तो प्रश्न जास्त लागला. ज्या भाषेत श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ लिहिला आणि सगनभाऊंनी लावणी गाजवली, त्या भाषेत मी पाहुणा कसा? पण त्या वेळी उत्तर सुचलं नाही. नुसतं हसलो.

उत्तर पुढं नसीम यांच्या कहाणीत सापडलं. त्या वादात मुन्शी सज्जाद हुसेन यांचं ‘अवध पंच’ हे विनोदी पत्र चकबस्त यांच्या बाजूनं उभं राहिलं. म्हणजे हिंदू एकीकडे आणि मुसलमान दुसरीकडे अशी ती फाळणी नव्हतीच. भाषेवर प्रेम करणारे दोन्हीकडे होते. ‘गुलजार-ए-नसीम’ आजही नसीम यांच्याच नावानं वाचली जाते.

गोष्ट मात्र कुणासाठी थांबली नाही. १९२४ मध्ये मुंबईच्या कोहिनूर कंपनीनं तिच्यावर मूकपट काढला. दिग्दर्शक कांजीभाई राठोड, पडद्यावर झुबेदा. १९५५ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांचा तमिळ चित्रपट आला, १९६२ मध्ये एन. टी. रामाराव यांचा तेलुगू. त्या तेलुगू चित्रपटाची गाणी लिहून सी. नारायण रेड्डी गीतकार म्हणून पुढं आले. निजामाच्या राज्यात या कवीचं शिक्षण उर्दू माध्यमातून झालं होतं. पुढं त्यांना ज्ञानपीठ मिळालं, ते तेलुगू कवितेसाठी. त्यांचं तेलुगू कोण तपासून देतं, असं कुणी विचारलं असेल का?

आणि ते फूल? नर्मदेच्या उगमाशी, अमरकंटकला, एका पांढऱ्या सुगंधी फुलाला गुलबकावली म्हणतात आणि डोळ्यांसाठी त्याचा अर्क विकतात. डोळ्यांचं दुखणं असेल तर डॉक्टरांकडेच जावं, हे सांगायला नकोच. पण ते फूल आपल्या ओळखीचं आहे. आपण त्याला सोनटक्का म्हणतो. पावसाळ्यात ओलसर जागी फुलतो तोच.

परवा बाजारात सोनटक्क्याची जुडी घेतली आणि फुलवाल्या मावशींना म्हटलं, “ही गुलबकावली बरं का!” त्या म्हणाल्या, “काय पण म्हणा दादा, वास तोच.”

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)