इम्प्लांट, थ्रीडी मुद्रित

एखाद्या रुग्णाच्या हाडाच्या मापाने, पदार्थाचे थरावर थर चढवून बनवलेला आणि शरीरात बसवायचा कृत्रिम भाग. सीटी स्कॅनवरून हाडाची संगणकीय प्रतिकृती करतात. चेहरा किंवा कवटीची एकच बाजू गेली असेल तर शाबूत बाजू आरशातल्यासारखी उलटवून उणा भाग आखतात. मग टायटॅनियमच्या मिश्रधातूची (अ‍ॅल्युमिनियम 6, व्हॅनेडियम 4 टक्के) बारीक भुकटी पातळ पसरून लेसरने किंवा इलेक्ट्रॉन झोताने हवी तेवढीच वितळवतात.

खालचा जबडा : जून 2011 मध्ये नेदरलँड्समधील सिटार्ड-गेलीन येथे 83 वर्षांच्या एका स्त्रीला संपूर्ण मुद्रित खालचा जबडा बसवण्यात आला, या प्रकारचे हे पहिले उदाहरण मानतात. जंतुसंसर्गाने तिचे हाड निकामी झाले होते आणि शरीरातलेच दुसरे हाड काढून जबडा घडवण्याची लांबलचक शस्त्रक्रिया त्या वयात धोक्याची होती. बेल्जियममधील हॅसेल्ट विद्यापीठाच्या संशोधकांच्या सहभागाने लेयरवाइज या कंपनीने हा जबडा मुद्रित केला. एका मिलिमीटर उंचीला 33 थर लागले, म्हणजे दर थर सुमारे 0.03 मिमी. स्नायू धरावेत म्हणून त्यात पोकळ्या आणि मज्जातंतूंसाठी खाचा ठेवल्या होत्या. वरून सिरॅमिकचा लेप होता. वजन 107 ग्रॅम, नैसर्गिक जबड्याहून साधारण 30 ग्रॅम जास्त. शस्त्रक्रिया चार तासांच्या आत आटोपली.

हाड आणि धातू : माप जुळले की काम झाले, असे नाही. या मिश्रधातूचा स्थितिस्थापकता गुणांक (ताठरपणाचे माप) सुमारे 110 गिगापास्कल, तर हाडाच्या घट्ट कवचाचा 10 ते 30. त्यामुळे भार धातूच पेलतो आणि शेजारचे हाड बिनकामाचे होऊन झिजते. मुद्रणात आतून जाळीदार रचना करता येते. तिने ताठरपणा उतरतो आणि छिद्रांत हाड शिरते. ओतकामाने अशी जाळी साधणे फार अवघड, म्हणून या तंत्राचे खरे मोल इथेच आहे. खुब्याच्या सच्छिद्र मुद्रित वाट्या युरोपात 2007 पासून वापरात आल्या, पण त्या ठरावीक मापांच्या.

श्वासनलिका : फेब्रुवारी 2012 मध्ये मिशिगन विद्यापीठात एका तान्ह्या बाळाच्या मिटणाऱ्या श्वासनलिकेला पॉलिकॅप्रोलॅक्टोनचा मुद्रित आधार बसवला. तो सुमारे तीन वर्षांत शरीरात विरघळावा, अशी योजना होती.

भारत : 2021 च्या म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य रोगाच्या साथीत वरचा जबडा गमावलेल्या रुग्णांना असे इम्प्लांट बसवले गेले. महाराष्ट्रात रुग्ण पुष्कळ होते.

नियमन : अशा मुद्रित वैद्यकीय उपकरणांसाठी अमेरिकेच्या एफडीएची (अन्न व औषध प्रशासनाची) तांत्रिक मार्गदर्शिका डिसेंबर 2017 ची.