चीवर, वाकळ आणि आपण

आमच्या गिरडमध्ये वाकळ कोणाच्या घरी नव्हती? खाली त्यातल्या त्यात धड लुगडे अंथरायचे, मध्ये धोतराचे, सदऱ्याचे तुकडे, वर दुसरे लुगडे, अन् टाक्यांच्या ओळी घालत जायचे. दोरा तेवढा विकतचा. तिला आम्ही गरिबीची खूण समजत आलो. पण चिंधीलाही इतिहास आहे.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने प्रेतावरची वस्त्रे नेसावीत, फुटक्या भांड्यात खावे, असे लिहिले आहे. म्हणजे कापडावरूनच माणूस हलका ठरावा! आता विनयपिटक पाहा. तिथे भिक्खू उकिरड्यावरच्या, स्मशानातल्या चिंध्या आपल्या मर्जीने वेचतो, धुतो, शिवतो, रंगवतो. त्याला पांसुकूल चीवर म्हणतात. महाकाश्यप श्रीमंत ब्राह्मण घरातले. तथागतांनी आपले झिजलेले पांसुकूल त्यांना दिले व त्यांची संघाटी आपण घेतली. चीवराचा नमुना तर शेतातून आला. मगधातली बांध घातलेली शेते दाखवून तथागतांनी आनंदांना विचारले, असे चीवर करता येईल का? आनंदांनी तुकडे जोडून ते करून दाखवले. आमच्या बायांनी मगध पाहिला नव्हता, पण वाकळीवरही बांधच दिसतात.

बोचते ते वेगळेच. आमचे पूर्वज कापड विणणारे होते. नागपूर-वर्धा भागात कितीतरी महार जाडेभरडे सुती कापड विणत. १८७७ साली नागपूरची एम्प्रेस मिल सुरू झाली, पुढे हिंगणघाट, पुलगावलाही गिरण्या निघाल्या अन् हातमागाचा धंदा बसत गेला. कापसाच्या मुलखात विणकरच फाटक्या वस्त्रावर आला.

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांना समजावले की, वस्त्राला ठिगळे असली तरी हरकत नाही, पण ते स्वच्छ असावे. आणि लुगडे असे नेसावे की त्यावरून कोणी अस्पृश्य म्हणून ओळखू नये. आमच्या मते ठिगळाची लाज तिथेच संपायला हवी होती. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला लोक पांढऱ्या वस्त्रांत जमले. ती लुगडीही पुढे जुनी झाली, काही वाकळीत गेली असतील.

आता घरोघरी चादरी, ब्लँकेटे आली. वाकळ माळ्यावर गेली. कोणता तुकडा कोणाच्या लुगड्याचा, हे सांगणाऱ्या म्हाताऱ्या बाया थोड्याच उरल्या. ज्यांच्या घरी वाकळ असेल त्यांनी ती एकदा उलगडून आजीला विचारावे आणि सांगेल ते वहीत लिहून घ्यावे.